परदेशातील दुर्गम भागात स्वतंत्रपणे आणि सुरक्षितपणे फिरताना : खान्देशातील प्रवाशांसाठी सविस्तर मार्गदर्शन

सहल कंपनीबरोबर गेलेल्या प्रवाशासाठी आज किती चढायचे, कोणत्या गाडीत बसायचे, नदीला पाणी जास्त असेल तर थांबायचे की नाही, हे सगळे दुसरे कोणीतरी ठरवत असते. स्वतंत्रपणे निघालेल्या माणसाला हे निर्णय स्वतः घ्यावे लागतात, आणि दुर्गम भागात ते नेमके पाय थकलेले, डोके जड झालेले, मोबाईलला रेंज नसलेली आणि अंधार पडायला आलेला अशा वेळी समोर येतात. त्यामुळे जे निर्णय तिथे घेणे अवघड जाईल ते घरी बसून, शांत डोक्याने घ्यावेत आणि कागदावर लिहून बरोबर न्यावेत, असे माझे ठाम मत आहे. पुढील सर्व सूचना त्याच दृष्टीने मांडल्या आहेत.

उदाहरणासाठी मी किरगिझस्तान हा देश घेतला आहे. भुसावळहून दिल्लीला थेट गाड्या आहेत आणि दिल्लीहून मध्य आशिया विमानाने काही तासांवर आहे. तेथील उंच कुरणांवर मेंढपाळ कुटुंबांच्या गोल तंबूंत, म्हणजे युर्तांत, मुक्काम करत एकट्यादुकट्याला फिरता येते. हीच पद्धत ताजिकिस्तान, मंगोलिया किंवा नेपाळच्या आतल्या भागांसाठीही उपयोगी पडेल.

भाग आणि महिना ठरवणे

नुसता देश निवडून भागत नाही. कोणते खोरे आणि कोणता महिना हे आधी ठरले पाहिजे. आपल्याकडे सुट्ट्या एप्रिल-मे महिन्यांत असतात आणि खान्देशच्या उन्हातून सुटका म्हणून थंड देश मनात येतो. परंतु ३,०१६ मीटर उंचीवरच्या सोंग-कोल या तळ्याकडे जाणाऱ्या खिंडी त्या काळात बर्फामुळे बंद असू शकतात आणि मेंढपाळांचे तंबूही तिथे लागलेले नसतात. कुटुंबे जूनमध्ये वर येतात आणि सप्टेंबरमध्ये खाली उतरतात. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना जुलैमध्ये कपाशीची निंदणी आणि फवारणी सोडून निघणे कठीण असते. त्यांनी ऑगस्टची अखेर किंवा सप्टेंबरचा पहिला आठवडा धरावा, मात्र रात्रीचे तापमान शून्याच्या आसपास जाईल हे गृहीत धरूनच कपडे घ्यावेत.

त्यानंतर परवान्यांचा विचार करावा. व्हिसा मिळाला म्हणजे देशात सगळीकडे जाता येते असे नाही. चीनच्या सीमेजवळच्या केल-सू तळ्यासाठी किरगिझस्तानात सीमाक्षेत्राचा वेगळा परवाना लागतो. ताजिकिस्तानात पामीरच्या भागासाठी गोर्नो-बदख्शान प्रांताचा वेगळा परवाना लागतो, आणि तो व्हिशाबरोबरच मागता येतो. नेपाळात अप्पर मुस्तांगसारख्या प्रतिबंधित क्षेत्रात नोंदणीकृत संस्थेमार्फत आणि गाईड घेऊनच जावे लागते. जिथे कायद्यानेच एकट्याने जाता येत नाही तिथे पळवाट शोधू नये. सीमेवरच्या चौकीत अडवलेल्या परदेशी माणसाला भाषा येत नसते, ओळख नसते, आणि सोडवायला येणारा वकिलातीचा माणूस शेकडो किलोमीटर दूर असतो. व्हिशाचे नियम वारंवार बदलतात, म्हणून ते त्या देशाच्या वकिलातीच्या अधिकृत संकेतस्थळावरच पाहावेत. मित्राने गेल्या वर्षी काय केले यावर विसंबून राहू नये.

कागदपत्रे आणि पैसे

पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने वैध असावा. त्याच्या छायाप्रती वेगळ्या पिशवीत ठेवाव्यात, एक प्रत घरी द्यावी आणि एक मोबाईलमध्ये इंटरनेटशिवाय उघडेल अशी साठवावी. विमा घेताना घाईघाईत पॉलिसीवर सही करू नये, तर वगळलेल्या बाबींचे पान आधी वाचावे. किती मीटर उंचीपर्यंत संरक्षण आहे, घोडेस्वारी चालते का, हेलिकॉप्टरने किंवा गाडीने खाली आणण्याचा खर्च मिळतो का, या तीन प्रश्नांची उत्तरे कंपनीकडून लेखी घ्यावीत. अनेक सर्वसाधारण पॉलिसी ठरावीक उंचीनंतर जबाबदारी नाकारतात, आणि तुमचा खरा प्रवास तिथेच सुरू होणार असतो.

नव्या बँक कार्डांवर परदेशातील व्यवहार मुळात बंद ठेवलेले असतात. ते निघण्यापूर्वी सुरू करून घ्यावेत आणि ओटीपी ज्या भारतीय सिमवर येतो त्यावर परदेशात एसएमएस मिळतील याची खात्री करावी. डॉलरच्या नोटा नव्या, न दुमडलेल्या आणि शाईचा डाग नसलेल्या असाव्यात, कारण लहान गावांत जुन्या नोटा परत केल्या जातात. एटीएम बिश्केक, कराकोल, नारीन अशा शहरांत मिळते. कुरणावर सगळा व्यवहार रोखीनेच होतो, म्हणून सोम, म्हणजे तिथले चलन, लहान नोटांत घेऊनच वर जावे.

घरी ठेवायचा कागद

संपूर्ण तयारीत मी सर्वांत जास्त महत्त्व या एका कागदाला देतो. बहुतेक प्रवासी घरी ‘पोहोचलो की फोन करतो’ एवढेच सांगून निघतात. दुर्गम भागात फोन न लागणे ही नेहमीची गोष्ट असल्यामुळे शांततेचा अर्थ घरच्यांना कळत नाही. मग एक तर पहिल्याच रात्री घरात रडारड सुरू होते, किंवा खरोखर अपघात झाला असताना ‘रेंज नसेल’ म्हणून दोन दिवस वाया जातात.

म्हणून प्रत्येक टप्प्याची नोंद पुढीलप्रमाणे लिहावी : ‘१४ जुलै, कोचकोर गावात मुक्काम, गेस्ट हाऊसचे नाव आणि फोन क्रमांक. १५ जुलै, गाडीने सोंग-कोलच्या उत्तर किनाऱ्यावर, रेंज नाही. १६ जुलै, तेथेच. १७ जुलै, संध्याकाळी सहापर्यंत कोचकोरला परत, निरोप येईल. रात्री दहापर्यंत निरोप आला नाही तर गेस्ट हाऊसला फोन करून विचारावे. १८ जुलैला दुपारी बारापर्यंत काहीच कळले नाही तर शोध घेण्याची मागणी करावी.’ यात दोन वेळा मुद्दाम वेगळ्या ठेवल्या आहेत. पहिली विचारपूस करण्याची आणि दुसरी मदत मागण्याची. गाडी नादुरुस्त होणे, पाऊस लागणे अशा साध्या कारणांना मधल्या तासांत जागा मिळते. किरगिझस्तानचे घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे असते, त्यामुळे लिहिलेली वेळ कोणत्या देशाची आहे हेही नमूद करावे.

हा कागद कोणाकडे द्यायचा याचा नीट विचार करावा. आईवडिलांना रोजचा निरोप द्यावाच, पण कागद अशा व्यक्तीकडे असावा जी घाबरून जाणार नाही, इंग्रजीत फोनवर बोलू शकेल आणि त्या दिवसांत स्वतः लग्नकार्यात किंवा शेतीच्या घाईत अडकलेली नसेल. मोठा भाऊ, मेहुणे, शाळेतली मैत्रीण, कोणीही चालेल. मात्र त्या व्यक्तीला समोर बसवून कागद वाचून दाखवावा.

कागदाच्या मागच्या बाजूला फोन क्रमांक लिहावेत, आणि इथे एक बारकावा फार महत्त्वाचा आहे. किरगिझस्तानात आपत्कालीन मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०३ हे क्रमांक आहेत. परंतु जळगावहून ११२ फिरवला तर तो आपल्याच महाराष्ट्रातील यंत्रणेकडे जाईल. म्हणून घरच्यांसाठी ९९६ या देश-संकेतांकासह पूर्ण स्थानिक क्रमांक लागतात : मुक्कामाच्या ठिकाणांचे, ज्याच्यामार्फत गाडी ठरवली त्या स्थानिक चालकाचे, विमा कंपनीच्या चोवीस तास चालणाऱ्या मदतकक्षाचे आणि बिश्केकमधील भारतीय वकिलातीचे. त्याखाली रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधे आणि पॉलिसी क्रमांक लिहावा. प्रवाशाकडूनही एक वचन हवे. बेत बदलला की, दुसऱ्याच्या फोनवरून का होईना, तो बदल घरी कळवल्याशिवाय नव्या वाटेला लागायचे नाही.

उंचीचा त्रास : आपल्याकडे ज्याचा सराव होत नाही

जळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे २०० मीटरवर आहे. सातपुड्यातील तोरणमाळ सुमारे १,१५० मीटरवर. तोरणमाळच्या वाटा, पाटणादेवीच्या मागचे डोंगर किंवा अस्तंब्याची चढण दहा किलो वजन पाठीवर घेऊन चालणे हा पायांसाठी आणि दमासाठी उत्तम सराव आहे, आणि तो अवश्य करावा. मात्र त्यामुळे विरळ हवेची सवय होत नाही. उंचीचा त्रास साधारण २,५०० मीटरच्या वर सुरू होतो, आणि पंचेचाळीस अंश उन्हात काम करणारा धडधाकट तरुणही त्यात आडवा होऊ शकतो. उलट तरुण आणि दणकट माणसेच वेगाने चढतात, आणि वेगाने चढणे हेच या त्रासाचे मुख्य कारण आहे.

बिश्केक सुमारे ८०० मीटरवर, कोचकोर सुमारे १,८०० मीटरवर आणि सोंग-कोल ३,०१६ मीटरवर आहे. बिश्केकहून सकाळी निघून संध्याकाळी तळ्यावर पोहोचणे गाडीला सहज शक्य असते, पण शरीराला ते झेपेलच असे नाही. किमान एक, जमल्यास दोन रात्री कोचकोर किंवा नारीन येथे काढाव्यात. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर विश्रांती घ्यावी. ताजिकिस्तानच्या पामीर महामार्गावर अक-बायताल ही खिंड ४,६५५ मीटरवर आहे, आणि तिथे हाच नियम आणखी काटेकोरपणे पाळावा लागतो.

पुढील चार ओळी लिहून खिशात ठेवाव्यात. डोके दुखत आहे आणि त्यासोबत मळमळ, भूक नाहीशी होणे, चक्कर किंवा कमालीचा थकवा आहे, तर आज पुढे चढायचे नाही. एका दिवसाच्या विश्रांतीनंतर बरे वाटले नाही किंवा त्रास वाढला, तर खाली उतरायचे. स्वस्थ बसलेले असताना धाप लागते आणि खोकला थांबत नाही, तर लगेच उतरायचे. जमिनीवर सरळ रेघ ओढून एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या बोटांना लावत दहा पावले टाकावीत. तोल जात असेल किंवा माणूस असंबद्ध बोलत असेल, तर रात्र असली तरी सोबत घेऊन त्याला खाली न्यायचे. शेवटच्या दोन अवस्था म्हणजे फुफ्फुसांत पाणी साचणे आणि मेंदूला सूज येणे, आणि त्या काही तासांत जीव घेऊ शकतात. तोल गेलेल्या माणसाला स्वतःचा तोल गेल्याचे बहुधा कळत नाही, म्हणून ही चाचणी सोबत्याने घ्यावी. एकटे असाल तर पहिल्याच दिवशी युर्तातल्या यजमानांना खुणांनी समजावून ठेवावे.

असेटाझोलामाइड हे औषध प्रतिबंधासाठी वापरले जाते, पण ते निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. सल्फा गटाच्या औषधांची ॲलर्जी असल्यास तसे आवर्जून सांगावे. उंचीवरच्या पहिल्या रात्री मद्य आणि झोपेच्या गोळ्या टाळाव्यात.

नदी, रस्ता आणि कुत्री

आपल्याला पुराची ओळख पावसातून असते. तापी, गिरणा, पांझरा यांना पाणी आले म्हणजे वरच्या अंगाला पाऊस झाला, असे आपण धरून चालतो. हिमनदीतून निघणाऱ्या ओढ्याचे गणित वेगळे असते. तिथे निरभ्र आकाश आणि कडक ऊन हीच पुराची खूण असते. दिवसभर बर्फ वितळते आणि दुपारनंतर पाणी चढत जाते. पहाटे घोट्याएवढा असलेला तोच ओढा संध्याकाळी मांडीपर्यंत येतो, पाणी राखाडी होते आणि तळाशी दगड गडगडत असल्याचा आवाज येऊ लागतो. तो आवाज आला की त्या दिवशी पाण्यात पाय घालू नये. सकाळ होईपर्यंत अलीकडे मुक्काम करावा, आणि त्यासाठी एका दिवसाचे जादा अन्न नेहमी जवळ ठेवावे. ओलांडताना पात्र रुंद आणि फाटे फुटलेले असेल अशी जागा शोधावी, बूट घालूनच उतरावे, पिशवीचा कमरेचा पट्टा सोडावा, काठी टेकवत, पाणी जिकडून येते त्या दिशेला तोंड करून तिरके सरकावे. पाणी गुडघ्याच्या वर गेले आणि वेग जास्त असला, तर मागे फिरावे.

आजार आणि प्राणी यांची भीती सगळ्यांना वाटते, पण माझ्या मते रस्त्याची भीती जास्त बाळगली पाहिजे. शेअर टॅक्सी ठरवताना टायरची झीज, स्टेपनी आणि मागच्या सीटचा पट्टा स्वतः पाहावा. चालकाच्या तोंडाला दारूचा वास असेल तर पैसे गेले तरी चालतील, पण बसू नये. डोंगरात अंधार पडल्यावर प्रवास करायचा नाही, हाही घरी घेऊन ठेवायचा निर्णय आहे, कारण संध्याकाळी पाच वाजता चालक ‘फक्त दोन तास’ म्हणतो तेव्हा नकार देणे जड जाते. एकट्या महिलेने आवश्यक वाटल्यास शेजारच्या सीटचेही पैसे भरावेत, मुक्काम कुटुंब राहत असलेल्या घरात घ्यावा, आणि गाडीचा क्रमांक बसण्यापूर्वीच घरी पाठवावा.

मेंढपाळांची कुत्री कळप राखण्यासाठीच पाळलेली असतात. कळपाला लांबून वळसा घालावा, मेंढपाळाला हाक मारावी, पळू नये. कुत्रा चावलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्याकडे निघावे. रेबीजवरचे इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे लशीसोबत जखमेत टोचायचे तयार प्रतिपिंडांचे औषध, दुर्गम भागात मिळेलच असे नाही, म्हणून निघण्यापूर्वी प्रतिबंधक लस घ्यावी की नाही हे डॉक्टरांशी बोलून ठरवावे. आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतील पीतज्वराच्या देशांत जाणाऱ्यांनी ती लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी. प्रमाणपत्र नसल्यास परतताना भारतात विलगीकरणात ठेवले जाऊ शकते.

अन्न, पाणी आणि औषधे

खान्देशातील अनेक घरे शाकाहारी आहेत आणि कुरणावर मुख्य अन्न मांस, दूध आणि पाव हेच असते. ‘मेन एत जेबेइम’, म्हणजे मी मांस खात नाही, हे किरगिझ वाक्य पाठ करावे आणि तिथल्या लिपीत लिहूनही ठेवावे. तरीही भाजी मांसाच्या रश्शात शिजलेली असू शकते, म्हणून काही दिवसांचा शिधा स्वतःचा असावा. ३,००० मीटरवर पाणी सुमारे ९० अंशांनाच उकळते, त्यामुळे कुकरशिवाय तूरडाळ शिजत नाही. गरम पाण्यात भिजणारे पोहे आणि तयार उपमा, भाजलेले बिबडे, शेंगदाण्याची कोरडी चटणी, गूळ हे पदार्थ उपयोगी पडतात. घोडीच्या दुधाचे आंबवलेले कुमिस आग्रहाने दिले जाते. त्यात थोडा मद्यांश असतो आणि सवय नसलेल्या पोटाला ते बाधू शकते, तेव्हा एक घोट घेऊन किंवा हात छातीवर ठेवून नम्रपणे नकार द्यावा.

घरचा मसाला नेताना वाटेत कोणता देश लागतो ते पाहावे. संयुक्त अरब अमिरातीत खसखस नेण्यास बंदी आहे आणि आपल्या मसाल्यांत ती अनेकदा असते. कोडीन असलेले खोकल्याचे औषध किंवा ट्रामाडॉलसारखी वेदनाशामके तर आणखी अडचणीत आणतात. सर्व औषधे मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि औषधाचे मूळ नाव लिहून न्यावीत.

जिथे जनावरे चरतात तिथले झऱ्याचे पाणी कितीही नितळ दिसले तरी उकळूनच प्यावे. २,००० मीटरच्या वर ते तीन मिनिटे खळखळू द्यावे. क्षारांची पाकिटे संपली तर एक लिटर पाण्यात चहाच्या लहान चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून द्रावण तयार करता येते.

नकाशा आणि संपर्क

मोबाईलमधील जीपीएसला इंटरनेट लागत नाही, पण नकाशा आधी उतरवून घेतलेला असावा लागतो. ऑरगॅनिक मॅप्स किंवा ऑसमॅंडवर संपूर्ण भाग साठवावा, रशियन भाषांतराचा संच उतरवावा आणि कागदी नकाशाही ठेवावा, कारण थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते. रात्री फोन आणि पॉवर बँक झोपण्याच्या पिशवीत घ्यावे. पॉवर बँक विमानात फक्त हातातल्या सामानात चालते, आणि १०० वॅट-तासांपर्यंतच, म्हणजे साधारण २७,००० एमएएचपर्यंतच, विमान कंपनीची वेगळी परवानगी लागत नाही.

उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारी उपकरणे परदेशी प्रवासी सर्रास वापरतात. भारतात मात्र दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय थुराया किंवा इरिडियमचे फोन आणि तशीच संदेशयंत्रे बाळगणे बेकायदेशीर आहे, आणि विमानतळावर अशा उपकरणांमुळे प्रवाशांना अटक झालेली आहे. त्यामुळे ते विकत घेऊन सोबत आणू नये. तिथे कायद्याने चालत असेल तर भाड्याने घ्यावे आणि निघताना परत करावे. असे उपकरण नसेल तर मार्ग असा आखावा की कोणत्याही ठिकाणाहून माणसांची वस्ती एका दिवसाच्या चालीच्या आत असेल. ज्या मार्गावर ही अट पाळता येत नाही, तिथे स्थानिक वाटाड्या घ्यावा. वाटाड्या घेतल्याने प्रवास तुमचा राहत नाही असे मला मुळीच वाटत नाही.

परतल्यावर

घरी कागद सांभाळणाऱ्या व्यक्तीला देशाबाहेर पडल्याचा निरोप स्पष्ट शब्दांत द्यावा, नाहीतर शेवटच्या मुदतीनंतर ती व्यक्ती वकिलातीला फोन करेल. परतल्यानंतर ताप, जुलाब किंवा अंगावर पुरळ आले, तर डॉक्टरांना कोणत्या देशात, कोणत्या महिन्यात गेलो होतो, कच्चे दूध प्यायलो का आणि जनावर चावले का, हे त्यांनी विचारण्याआधीच सांगावे. आफ्रिकेतून आल्यानंतर काही महिन्यांनी आलेला तापही मलेरियाचा असू शकतो, म्हणून रक्ततपासणी लांबणीवर टाकू नये. रेबीजच्या लशीचे काही डोस परदेशात सुरू झाले असतील तर उरलेल्या तारखा चुकवू नयेत, आणि तिथल्या दवाखान्याचा कागद जिल्हा रुग्णालयात दाखवून ते पूर्ण करून घ्यावेत.